बिअरचा डबा: साखर नको, माल्ट घाला

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हाच. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात त्याला परवाना लागतो. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरच्यापुरती मुभा दिली. तिथे स्थायिक झालेल्यांनी घरी बिअर बनवण्याचा डबाबंद संच नीट पारखून घ्यावा.

डब्यात काकवीसारखा घट्ट, हॉप्स घातलेला माल्टचा पाक असतो. नेहमीच्या १.७ किलोच्या डब्यातून सुमारे २३ लिटर बिअर होते. आधी तारीख पाहावी: जुना पाक काळवंडतो, सोबतचे यीस्ट मरगळते.

डब्यावरची किलोभर साखर घालण्याची सूचना सरळ बाजूला ठेवावी. साखर पुरती आंबते आणि बिअर पाणचट लागते. त्याऐवजी माल्ट पावडर घ्यावी.

एल प्रकारची बिअर आंबवण्यासाठी १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. भांडी मात्र आधी निर्जंतुक हवीत.