महामार्गाशेजारची झोप

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे उन्हाळ्यात दोन-तीन महिने राहायला जाणारे आईवडील आता नवलाचे राहिलेले नाहीत. सुट्टी लागली की मुले त्यांना फिरायला नेतात आणि हॉटेलचे दर पाहून पुष्कळदा कॅराव्हॅन भाड्याने घेतात. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, सगळे असते. अशी घरे उभी करण्यासाठी तिथे ठिकठिकाणी खास मैदाने आहेत. मोटरवेपासून पाच मिनिटांवरचे मैदान सोयीचे वाटते, कारण सकाळी लवकर निघता येते. दिवा मालवल्यावर मात्र त्या पाच मिनिटांचा खरा अर्थ कळतो. झाडांच्या रांगेमागे रस्ता दिसत नाही, पण टायरांची घरघर थांबत नाही. आई कूस बदलत राहते. ‘आई, दोन दिवसांत सवय होईल गं,’ असे मुलगा म्हणतो, आणि तिसऱ्या दिवशी आईही म्हणते, ‘हो रे, आता काही वाटत नाही.’

आईचे म्हणणे खरेच असते, पण ते कानापुरते. त्याच रात्री तिच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मोजत राहिले, तर वेगळी हकिकत कळते.

आधी भिंतीविषयी. आवाज अडवण्याचे काम मुख्यतः वजन करते. विटांची जाड भिंत बाहेरचा आवाज पुष्कळ रोखते, कारण तिला हलवणे हवेतल्या लहरींना जड जाते. कॅराव्हॅन मोटारीला ओढता यावी म्हणून हलकी बनवलेली असते. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये फोम आणि आत प्लायवूड, अशी ही भिंत सारी मिळून इंचभर जाड असते. ती थंडी चांगली अडवते. आवाज, त्यातही ट्रकचा खोल घुमणारा आवाज, तिच्यातून सहज आत येतो.

महामार्गाचा आवाज इंजिनाचा असतो असा एक समज आहे. गाडी वेगात असते तेव्हा मोठा वाटा टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा असतो. म्हणून विजेवरच्या गाड्या वाढल्या तरी महामार्ग फारसा शांत होणार नाही. शिवाय रात्री आवाज दूरवर पोहोचतो. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार होते. अशा वेळी एरवी वर निघून जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो. दुपारी जागा पाहून ‘इथे काही त्रास नाही’ असे ठरवणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे.

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आवाज मेंदूपर्यंत जातच राहतो, आणि मेंदूचा जो जुना भाग धोक्याची राखण करतो तो प्रत्येक मोठ्या आवाजाला प्रतिसाद देतो. अ‍ॅड्रेनलिन स्रवते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. माणूस जागा होतोच असे नाही. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. युरोपातल्या चार मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० लोकांचा रक्तदाब रात्रभर दर १५ मिनिटांनी मोजण्यात आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोलीतला आवाज ३५ डेसिबलच्या वर गेला की वरचा रक्तदाब सुमारे ६ आणि खालचा सुमारे ७ अंकांनी चढत असल्याचे आढळले, आणि तेही झोप न मोडता. आवाज विमानाचा की रस्त्यावरच्या वाहनाचा, याने फरक पडला नाही. फरक पडला तो आवाज किती मोठा होता याने. ३५ डेसिबल म्हणजे शांत खोलीतल्या कुजबुजीहून थोडा अधिक आवाज.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ही रोजची विश्रांती आहे. आवाजाने ती तुकड्यातुकड्यांत मिळते. जर्मनीतल्या माइन्झ येथील हृदयरोगतज्ज्ञांनी ७५ निरोगी स्वयंसेवकांना त्यांच्याच शयनगृहात रात्री विमानांच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकवली. एका रात्रीत रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटली आणि अ‍ॅड्रेनलिन वाढले. या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी आधी कमी आवाजाची रात्र काढली होती, त्यांच्या रक्तवाहिन्यांवर नंतरच्या अधिक आवाजाच्या रात्री जास्त परिणाम झाला. सवय झाली असती तर उलटे दिसायला हवे होते.

मग दोन-चार रात्रींनी आईला काही होईल का? नाही. सहलीतल्या काही रात्रींनी कुणाला हृदयविकार जडत नाही. मात्र बीपीची गोळी चालू असलेल्यांना अशा मुक्कामात सकाळचे आकडे चढलेले दिसू शकतात. ते पाहून स्वतःच गोळी वाढवणे चुकीचे आहे. शांत जागी दोन रात्री झोपल्यावर पुन्हा मोजावे. दम्याच्या रुग्णांनी पंप उशाशी ठेवावा, कारण महामार्ग आवाजाबरोबर धूरही देतो. लॉस एंजेलिसमधल्या मोजण्यांत असे दिसले की दिवसा केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक असे धूलिकण रस्त्यालगत फार दाट असतात आणि सुमारे ३०० मीटरवर आसपासच्या हवेइतके विरळ होतात. पहाटे सूर्योदयापूर्वी मात्र हवा स्थिर असल्याने तोच धूर किलोमीटरपलीकडे पसरलेला आढळला.

जागा निवडताना अंतराचे गणित ध्यानात असावे. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. अखंड वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले, तर आवाज साधारण ३ डेसिबलनेच कमी होतो. म्हणजे ५० मीटरवरून ६० मीटरवर सरकून हाती काहीच लागत नाही. मातीचा उंच बांध किंवा एखादी इमारत मध्ये आली तर खरा फरक पडतो. झाडांच्या एका रांगेने रस्ता दिसेनासा होतो आणि मनाला बरे वाटते, पण आवाज जवळजवळ तेवढाच येतो. आरक्षण करताना मैदानाच्या रस्त्यापासून दूरच्या, बांधामागच्या टोकाची जागा मागावी, आणि झोपताना डोके रस्त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे. फोमचे इअर प्लग स्वस्त आहेत आणि नीट बसवले तर खूप उपयोगी पडतात. ‘आवाज समुद्रासारखा वाटतो’ असे सांगून स्वतःची समजूत काढणारेही भेटतात. लांबून अखंड येणारा गुंजारव खरोखर कमी त्रास देतो. त्रास देतो तो पहाटे साडेतीनला शांततेतून एकटाच धडधडत जाणारा ट्रक, कारण मेंदूची राखण बदलाकडे असते. शिवाय पहाटेची झोप मुळातच हलकी असते, आणि वय वाढले की अधिकच हलकी होते.

आवाजाच्या त्रासातून लोक एक गोष्ट करतात, आणि तिथे जिवाला धोका असतो. कॅराव्हॅनच्या छताला, भिंतीला आणि जमिनीला हवेसाठी कायमच्या उघड्या झरोक्यांची सोय असते. त्यांतून आवाज येतो, थंडी येते, म्हणून त्यांत टॉवेल कोंबले जातात. या झरोक्यांना दोन कामे आहेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो. जमिनीतल्या झरोक्यातून तो बाहेर जातो. आणि शेगडी किंवा हीटर नीट जळत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडायला वाट लागते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस ‘प्रवासाचा शीण’ म्हणून आडवा होतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे मृत्यू होतात ते याच वायूने. कोळशाची शेगडी विझल्यासारखी दिसली तरी निखाऱ्यांतून तो तासन्‌तास निघत असतो. ऊब मिळावी म्हणून ती आत आणल्याने ब्रिटनमध्ये तंबूत आणि कॅराव्हॅनमध्ये माणसे दगावली आहेत. एकाच वेळी सगळ्यांची डोकी दुखू लागली, तर आधी सर्वांनी बाहेर पडावे आणि कारण नंतर शोधावे. भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये या वायूचा अलार्म आहे का आणि तो चालतो का, हे किल्ली हातात घेतानाच पाहावे.

सहलीला आलेले कुटुंब तिसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाते. ब्रिटनमध्ये काही हजार कुटुंबे मात्र अशाच मैदानांवर वर्षानुवर्षे राहतात. ती आहेत तिथली भटकी माणसे, रोमानी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ७१,४४० लोकांनी स्वतःची नोंद या गटात केली. त्यांतला साधारण पाचवा हिस्सा कॅराव्हॅनसारख्या चालत्या घरांत राहत होता. १९६८ च्या कायद्याने या लोकांसाठी जागा पुरवण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले. १९९४ मध्ये ते काढून टाकण्यात आले. बंधन होते तेव्हाही जागा मिळाल्या त्या दुसऱ्या कुणाला नको असलेल्या. लंडनमध्ये वेस्टवे हा उंचावरून जाणारा रुंद रस्ता १९७० मध्ये खुला झाला आणि त्याच दशकात त्याच्या कडेला ट्रॅव्हलर कुटुंबांची वसाहत उभी राहिली. ती अजून आहे. नकाशांवरून अलीकडे झालेल्या मोजणीत अशा सरकारी जागांपैकी निम्म्याच्या आसपास जागा मोठा रस्ता, रेल्वेमार्ग, कचरा किंवा सांडपाण्याचा प्रकल्प यांपैकी कशाच्या तरी १०० मीटरच्या आत असल्याचे दिसले.

या लोकांचे आरोग्य कसे आहे? शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याला दिलेल्या अहवालात त्यांच्यात श्वसनाचे विकार, छातीत दुखणे आणि चिंताविकार इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असल्याचे नोंदवले. त्याचे सगळे खापर रस्त्यावर फोडता येणार नाही. गरिबी, धूम्रपान, निरक्षरता आणि डॉक्टरांकडे जाताना भोगावी लागणारी उपेक्षा, हे सारे त्यात आहे. पण आवाजाचा हिस्सा वेगळा काढून मोजला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रस्त्याचा सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या वर गेल्यावर पुढच्या प्रत्येक १० डेसिबलमागे हृदयविकाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. रात्रीची मर्यादा संघटनेने ४५ डेसिबल सांगितली आहे. आठ टक्के हा आकडा एका माणसासाठी लहान वाटेल, पण हजारो माणसे वीस-वीस वर्षे त्या आवाजात झोपतात तेव्हा तो लहान राहत नाही.

मुलांचे नुकसान आणखी निराळे आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात एका द्रुतगती महामार्गाच्या थेट माथ्यावर ३२ मजल्यांच्या चार इमारती आहेत. तिथल्या मुलांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. खालच्या, म्हणजे जास्त आवाजाच्या मजल्यांवर चार वर्षे किंवा अधिक राहिलेल्या मुलांना सारख्या उच्चाराच्या शब्दांतला फरक ओळखणे वरच्या मजल्यांवरच्या मुलांपेक्षा जड जात होते आणि त्यांचे वाचनही मागे होते. सततच्या गोंगाटात मूल आवाज गाळायला शिकते आणि त्या गाळणीत बोललेले शब्दही अडकतात. ही मुले तर निदान काँक्रीटच्या भिंतींआड होती.

रोमानी लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत आजही कानाला ‘कान’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या भटक्या कुटुंबांची पाले पाहिली तर साम्य भाषेपुरतेच नाही, हे ध्यानात येते. शहराबाहेर महामार्गाच्या कडेला, पुलाखाली, बाह्यवळणाच्या मोकळ्या पट्ट्यात ही पाले पडलेली असतात. भिंत ताडपत्रीची किंवा जुन्या साड्यांची. आवाज अडवण्याच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखीच. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रस्त्याच्या कडेचा पट्टा मात्र कागदोपत्री कुणाचेच निवासस्थान नसतो.

अशा पालातला चाळिशीचा माणूस डोके दुखते म्हणून सरकारी दवाखान्यात येतो. रक्तदाब वाढलेला सापडतो, गोळी सुरू होते, महिन्याने आकडा तेवढाच दिसतो आणि दुसरी गोळी जोडली जाते. केसपेपरवर वय, गाव आणि तंबाखू यांची नोंद असते. रात्री उशापासून रस्ता किती अंतरावर असतो, हे कुणी विचारत नाही. विचारले तर गणित सोपे आहे. पाल रस्त्यापासून १० मीटरवरून १०० मीटरवर नेले तर आवाज साधारण १० डेसिबलने उतरतो, धूरही पुष्कळ कमी होतो आणि मुले गाड्यांपासून लांब राहतात. पण पाण्याचा नळ, दिव्याचा खांब आणि गिऱ्हाईक, तिन्ही रस्त्यालगतच असतात.