कापसाचे जलशोषण

कापसाच्या तंतूंत पाणी किंवा हवेतील बाष्प शिरून तेथे धरले जाण्याचा आविष्कार. बहुवारिके (अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेले प्रचंड रेणू) व द्रव यांच्यातील परस्परक्रिया विद्यार्थ्यांना समजावून देण्यास विदर्भात याहून सोयीचा पदार्थ नाही.

सरकी काढलेली कच्ची रुई पाण्यावर टाकल्यास बराच वेळ तरंगते. औषधी कापूस मात्र १० सेकंदांच्या आत बुडावा लागतो. दोहोंतील सेल्युलोज एकच असते. फरक पडतो तो तंतूच्या पृष्ठावरील, वजनाने १ टक्क्याहूनही कमी असलेल्या मेणामुळे. कॉस्टिक सोड्याच्या विद्रावात उकळून हे मेण काढतात. भिजणे पृष्ठभागावर व शोषण अंतर्भागात अवलंबून असते, हे या साध्या प्रयोगाने वर्गात दाखविता येते.

सेल्युलोजाच्या साखळीतील प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात व पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधांनी जोडले जातात. तथापि तंतूचा बराचसा भाग स्फटिकी असून तेथील साखळ्या परस्परांशीच घट्ट बांधलेल्या असतात. पाणी शिरते ते उरलेल्या अव्यवस्थित भागात. म्हणून तंतू फुगतो, पण विरघळत नाही. शोषणाची तुलना स्पंजाशी करण्याची पद्धत आहे. ती अपुरी होय. तंतूंमधील पोकळ्यांत केशाकर्षणाने चढलेले पाणी पिळून निघते, रेणूंना बद्ध झालेले निघत नाही. लंगोटांत वापरले जाणारे सोडियम पॉलिॲक्रिलेट तर्षण दाबामुळे स्ववजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी घेते. मिठाच्या पाण्यात मात्र त्याची क्षमता पुष्कळ घटते.

सुमारे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेस कापूस शुष्क वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी धरतो. नागपूरच्या उन्हाळ्यातील कोरड्या हवेत हे प्रमाण बरेच उतरते व सूत कातताना वारंवार तुटते, कारण बहुतेक तंतूंच्या उलट कापूस ओलाव्याने अधिक बळकट होतो. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये येथे सुरू केलेल्या एम्प्रेस गिरणीत हवा दमट ठेवणारी साधने बसविली गेली, ती याच कारणाने.

खरेदी केंद्रावर हाच ओलावा शेतकऱ्याच्या दरात कपात घडवितो. तो बहुधा विद्युत् रोधावरून मोजतात. शिवाय सारख्याच हवेत ठेवला तरी ओल्या स्थितीतून वाळत आलेला कापूस, कोरड्या स्थितीतून ओलावलेल्या कापसापेक्षा अधिक पाणी धरून ठेवतो. त्यामुळे परतीच्या पावसानंतर वेचलेला माल उन्हात पसरूनही अपेक्षेइतका हलका होत नाही.