परसदारचे पक्षिधन – लेखांक सातवा : खुराड्याची वाढ आणि तिचा खर्चवेच

गेल्या लेखांकात दाणापाण्याचा हिशेब मांडून झाल्यावर निवाऱ्याच्या प्रश्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. आणि अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या किनारपट्टीत ज्या ऋतूत त्याची सोडवणूक करणे सर्वांत गैरसोयीचे, नेमक्या त्याच ऋतूत हा प्रश्न दारी येऊन उभा राहतो. आषाढाच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे गटारीपर्यंत, गावठी कोंबडीला गिऱ्हाइकांची वाण नसते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की काही घरांतला गौरीच्या तिखट नैवेद्याचा दिवस वगळता अनंत चतुर्दशीपर्यंत मागणी मंदावते, उन्हाळ्याच्या अखेरीस खुडूक बसलेल्या कोंबड्यांखालची पिल्ले याच सुमारास अंगाने भरतात, आणि एरवी दिवसभर वाडीत उकरत फिरणारे हे सारे जीव झडीच्या पावसामुळे आत कोंडले जातात. सहासात पक्ष्यांसाठी बांधलेल्या तीन फूट लांब, तीन फूट रुंद खुराड्यात मग पंधरा जण दाटीवाटीने बसतात. नागाव-काशीदकडच्या घरगुती खानावळींमुळे गावठी कोंबडीला आणि अंड्याला बरा भाव येऊ लागल्यापासून तर घरोघरी चार पक्षी अधिक राखण्याचा मोह वाढलाच आहे.

दाटी झाल्याची वर्दी कोंबड्या स्वतःच देतात. दिवेलागणीला एखादी बुजरी तलंग खुराड्याच्या दाराशी घुटमळून परत फिरली आणि जांभळीच्या किंवा आंब्याच्या फांदीवर जाऊन बसली, तर तिला मोकळ्या हवेची आवड आहे असे समजण्याचे कारण नाही; आतल्या दांडग्या कोंबड्यांनी तिला टोचून जागा नाकारलेली असते. त्यानंतर पाठीवरची पिसे विरळ होणे, अंडी कमी होणे किंवा वाडीत भलतीकडे घातली जाणे, हे सारे ओघाने येते.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक अनाठायी खर्च तो न ओळखल्यामुळे होतो. रात्रीचा निवारा आणि दिवसाचे आवार या दोन निराळ्या वस्तू आहेत. रात्री कोंबडी दांडीवर निश्चल बसते; तिला दांडीची आठ-दहा इंच लांबी आणि एक ते दीड चौरस फूट जमीन पुरते. दिवसा तिला उकरायचे असते, धुळीत लोळायचे असते आणि भांडणात माघार घ्यायची असते, तेव्हा पक्ष्यामागे आठ-दहा चौरस फूट मोकळीक असल्यास ती सुखाने राहते. म्हणून पंधरा पक्ष्यांसाठी बंद खोली अठरा-वीस चौरस फुटांची केली तरी भागते, आणि उरलेली वाढ छपराखालच्या जाळीदार अंगणाच्या रूपाने, पुष्कळच स्वस्तात, साधता येते. बाजारातले तयार लोखंडी पिंजरे या दोहोंपैकी एकही गरज नीट भागवीत नाहीत.

या संदर्भात सरकारी आराखडा डोळ्यांखालून घालण्याजोगा आहे. राज्य शासनाच्या ३ फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयान्वये शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, रोजगार हमीच्या सांगडीने, शंभर पक्ष्यांच्या शेडसाठी ४९,७६० रुपयांची तरतूद झाली. माप ठरले पावणेचार मीटर लांबी आणि दोन मीटर रुंदी, म्हणजे साडेसात चौरस मीटर. आखूड बाजूंना पुऱ्या उंचीच्या भिंती, लांब बाजूंना तीस सेंटिमीटरची बुटकी भिंत व तिच्यावर छपरापर्यंत जाळी. रचना शहाणपणाची आहे. क्षेत्राचा हिशेब मात्र पुन्हा करून पाहावा: साडेसात चौरस मीटर म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट, अर्थात पक्ष्यामागे पाऊण चौरस फुटाहून किंचित अधिक. जेथे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरांवर जातो आणि पक्षी दिवसेंदिवस आतच राहतात, तेथे त्याच जागेत तीस-पस्तीस पक्षी राखणे मला शंभरांपेक्षा पुष्कळ फायद्याचे वाटते. ज्याला ही दरखास्त करायची असेल त्याने ग्रामपंचायतीच्या दप्तरी रोजगार सेवकाकडे चौकशी करावी. पंधरा कोंबड्यांच्या धन्याने आराखडा तेवढा उसना घेऊन खर्च आपल्या बेताने करावा.

आता काटकसर. खुराड्याचा खर्च जमिनीला लागत नाही, तो भिंतींना आणि छपराला लागतो. तीन फूट चौरस खुराड्याच्या भिंती चारी मिळून बारा फूट. त्याची एक बाजू काढून तीन फूट पुढे नेली तर नवे काम दोन बाजूंचे मिळून सहाच फूट पडते आणि जागा दुप्पट होते. याउलट जुने मोडून सहा फूट चौरस बांधले तर भिंती दुप्पट लागतात, परंतु जागा चौपट मिळते. यांतले कोणते पतकरावे हे जुन्या सामानाच्या स्थितीवर ठरवावे. लाकूड वाळवीने पोखरले असल्यास त्याला ठिगळ लावणे हा शुद्ध तोटा होय. रिकाम्या गोठ्याचा एखादा कोपरा शिल्लक असेल तर दोन भिंती, जोते आणि छप्पर आयतेच मिळते, आणि याहून स्वस्त तजवीज मला ठाऊक नाही. फक्त दिवेआगरपासून नागावपर्यंतच्या पुष्कळ गोठ्यांत आता पाहुणे उतरू लागल्यामुळे तेथे कोंबड्यांचा हक्क पोहोचणे कठीण झाले आहे.

सामानासाठी बाजार गाठण्याआधी वाडीत एक फेरी मारावी. पडलेल्या पोफळीचे खोड बाहेरून कठीण आणि आत भुसभुशीत असते. ते उभे चिरून गाभा खरवडून काढला की चांगल्या चिवट रिपा मिळतात, आणि न चिरता कोरले तर पागोळ्यांचे पाणी दूर नेणारे पन्हळ होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन-मुरूडच्या बागांत माड-पोफळींचा असा खच पडला की खोडे उचलायला माणसे मिळेनात. तसा प्रसंग पुन्हा न येवो. पण दोन-चार जुनी झाडे प्रत्येक वाडीत दरसाल पडतातच. खांब जमिनीत गाडू नयेत, दोन पावसाळ्यांत ते बुडाशी कुजतात. दगडावर उभे करावेत आणि बुडाला डांबर किंवा काजूच्या टरफलांचे तेल चोपडावे. झावळ्या भिजवून विणलेली झापे छपराला उत्तम, परंतु ती दरवर्षी बदलण्याची तयारी हवी. पत्रा घातल्यास त्याच्यावर झाप पसरावे, म्हणजे वैशाखात आत भट्टी होत नाही, आणि प्रत्येक वाशाला तो तारेने जखडावा, कारण वादळ छपराला वरून दाबत नाही, खालून शिरून उचलते.

रोख पैसा खर्चायचा तो जाळीवर, आणि तोही सगळीकडे सारखा नव्हे. वरच्या बाजूला शत्रू म्हणजे घार आणि कावळा. त्यांच्यासाठी कोळीवाड्यातले टाकाऊ नायलॉनचे जाळे ताणून बांधले की काम होते. खालच्या दोन फुटांत मात्र मुंगूस, रानमांजर, घूस आणि भटके कुत्रे यांच्याशी गाठ असते, आणि तेथे मासळीचे जाळे किंवा षट्कोनी घरांची पातळ कोंबडीजाळी म्हणजे निव्वळ देखावा. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवीत नाही. तेवढ्या पट्ट्यापुरती अर्ध्या इंचाच्या घरांची जाड वेल्डमेश घ्यावी, आणि खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा लवकर उतरत असल्याने शक्य तर प्लॅस्टिकचे आवरण असलेली पसंत करावी. तिची खालची कड फूटभर बाहेरच्या अंगास दुमडून जमिनीवर आडवी पसरावी व तिच्यावर दगड-माती दाबावी: उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी मुळाशी उकरू लागतो आणि जाळी लागली की सहसा दोन पावले मागे सरून उकरण्याची अक्कल त्याला सुचत नाही. दाराची कडी वर-खाली अशा दोन ठिकाणी असावी.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास लांब बाजूंवर ऊन तिरपे भरत नाही आणि नैर्ऋत्येचा मारा सोसण्याचे मुख्य काम पश्चिमेच्या आखूड, बंद भिंतीवर पडते. दक्षिणेच्या जाळीला गोणपाटाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा लागेल, पण तो खाली पक्का करून वर ओढता येईल असा लावावा आणि छपराखाली वीतभर फट सदैव मोकळी ठेवावी. भिजलेल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. सकाळी दार उघडताच आपले डोळे चुरचुरले तर पक्ष्यांनी रात्र कशी काढली असेल हे वेगळे सांगावयास नको. ओल्या गादीतच रक्ती हगवणीचे जंतूही पोसले जातात. फूटभर उंच जोते, त्यावर चार-सहा इंच भाताचे तूस, ते दोन-चार दिवसांनी उलथणे, आणि ओली जागा दिसताच तेवढी काढून टाकणे, एवढी व्यवस्था पुरे. समुद्राची वाळू मात्र घालू नये. तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. बांबूच्या पोकळ टोकांत रक्तपिपासू बारीक गोचिडी दडतात, ती चुन्याने बुजवावी आणि बसण्याच्या दांड्या उचलून उन्हात टाकता येतील अशा सुट्या, सर्व एकाच उंचीवर ठेवाव्यात; शिडीसारख्या चढत्या दांड्या लावल्या की वरच्या पायरीसाठी रोज संध्याकाळी तंटा होतो. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद-उंच असे एक खोके चार-पाच कोंबड्यांना पुरते, आणि फळांच्या जुन्या लाकडी पेट्या त्या कामी उत्तम.

हे सर्व काम भातकापणी उरकल्यानंतर, गिरणीवर तूस मुबलक असते आणि माणसांना सवड असते तेव्हा, फार तर चैत्रापर्यंत हातावेगळे करावे. नवी जागा तयार झाल्यावर पक्ष्यांना दिवसा तिकडे हाकलू नये. अंधार पडल्यावर, झाडावर बसणाऱ्या तलंगांसह सर्वांना एकेक उचलून नव्या दांडीवर ठेवावे आणि पाच-सहा दिवस दाणापाणी आतच देऊन बाहेर सोडू नये. पुढील लेखांकात मानमोडीची लस आणि पावसाळ्यापूर्वी ती टोचून घेण्याचे वेळापत्रक पाहू.