साम्राज्ये मोडली, श्रीपूर उभे राहिले

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर भनपुरी आहे. कारखान्यांच्या भिंती, मालाने लादलेले ट्रक आणि धूळ. मुद्दाम थांबून पाहावे असे प्रवाशाला इथे फारसे काही दिसत नाही. पण छत्तीसगडचा जुना काळ बघायला निघायचे असेल, तर इथून वाट सोपी आहे. रिंग रोडने शहराला वळसा घालून राष्ट्रीय महामार्ग ५३ गाठायचा, आरंग मागे टाकायचे, महानदीचा पूल ओलांडायचा आणि कुहरी मोडला डावीकडे वळायचे. दोनेक तासांत सिरपूर येते. महासमुंद जिल्ह्यातले, भातशेतीने वेढलेले हे छोटे गाव एके काळी दक्षिण कोसलची राजधानी होते. तेव्हा त्याला श्रीपूर म्हणत.

शाळेच्या इतिहासात गुप्तांचे साम्राज्य संपते, मग हर्षवर्धन येतो आणि त्यानंतर बराच काळ अंधार पसरतो. मधली ही शतके आपण फार स्वस्तात सोडून देतो. इ. स. ४७६मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले. इकडे गुप्त खिळखिळे झाले, आणि सहावे शतक उजाडता उजाडता विदर्भातल्या वाकाटकांची सत्ताही मावळली. कोसलवर आपली आज्ञा चालते, असे वाकाटकांचे ताम्रपट सांगत. ती सत्ता गेली तरी महानदीच्या खोऱ्यात पोकळी राहिली नाही. आधी शरभपुरीय आणि त्यांच्यामागून पांडुवंशी राजांनी इथे राज्य उभारले. त्यांच्या ताम्रपटांची पेटिकाशीर्षक लिपी, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकट असलेली लिपी, वाकाटकांच्या लेखांतही दिसते. सत्ता बदलली, पण कारकुनाचे वळण टिकले.

सिरपुरात पहिल्यांदा लक्ष्मण मंदिरापाशी जावे. दगडी जोत्यावर उभे असलेले हे विटांचे देऊळ सुमारे चौदाशे वर्षांचे आहे. भाजलेल्या विटेवर इतकी बारीक नक्षी कोरता येते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. गर्भगृहाची दगडी चौकट विष्णूच्या अवतारांनी भरलेली आहे आणि वरच्या पट्टीवर शेषशायी विष्णू आहे. देवळाला आज लक्ष्मणाचे नाव असले तरी ते बांधले गेले विष्णूसाठी, आणि बांधणारी होती राणी वासटा. मगधाच्या वर्मन घराण्यातील सूर्यवर्म्याची ही मुलगी कोसलच्या पांडुवंशी हर्षगुप्ताची पत्नी. पती गेल्यावर तिने त्याच्या स्मरणार्थ हे मंदिर उभारले. तेव्हा गादीवर तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन होता.

ही हकीकत मंदिराच्या परिसरात सापडलेल्या शिलालेखामुळे कळते. मला या लेखाचा शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात मंदिराचा संसार कसा चाले ते लिहिले आहे. मंदिराला गावे लावून दिली आणि त्यांच्या उत्पन्नाचे चार भाग ठरवले. तीन भागांतून अन्नसत्र, देवळाची डागडुजी आणि सेवकांचा निर्वाह. चौथा भाग बारा वेदज्ञ ब्राह्मणांना. त्यालाही अटी होत्या. मुलाला बापाचा वाटा आपोआप मिळणार नाही; तो स्वतः वेद आणि वेदांगे शिकलेला हवा, जुगारासारख्या व्यसनांत अडकलेला नको. तसा नसेल तर त्याच्या जागी दुसरा योग्य माणूस नेमावा. वाटा विकता येणार नाही, गहाणही ठेवता येणार नाही. वासटेच्या नावे केलेली ही व्यवस्था वाचताना त्या काळाच्या राज्यकारभाराची नाडी हाताला लागते. नाण्यांपेक्षा जमिनीच्या महसुलावर चालणारे हे जग होते, आणि ती जमीन भाताची होती.

राणी विष्णुभक्त, मुलगा स्वतःला परममाहेश्वर म्हणवणारा कट्टर शैव. तरीही याच बालार्जुनाच्या राज्यात आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने सिरपुरात विहार बांधला आणि भिक्षूंच्या जेवणाची सोय लावली. तो विहार आजही पाहता येतो. मधले अंगण, भोवती खोल्या आणि आत भूमिस्पर्श मुद्रेतील भव्य बुद्ध. मल्हार इथे मिळालेल्या ताम्रपटात तर हा शैव राजा आपल्या मामाच्या, भास्करवर्म्याच्या विनंतीवरून एक गाव बौद्ध भिक्षूंना देताना दिसतो, आणि त्या गावाचे नाव कैलासपूर! याला आजच्या अर्थाची सर्वधर्मसमभावाची घोषणा समजू नये. राजाला सर्व पंथांचे आशीर्वाद हवे होते आणि पंथांना राजाश्रय. पण या देवाणघेवाणीतून घडलेली कला खरी आहे. सिरपूरच्या बौद्ध कांस्यमूर्ती तिची साक्ष देतात.

चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग इ. स. ६३९च्या सुमारास कोसलात आला. सुपीक जमीन, बुद्धाला मानणारा क्षत्रिय राजा, शंभरेक संघाराम आणि दहा हजारांच्या आसपास महायानी भिक्षू अशी नोंद त्याने केली. राजधानीचे नाव मात्र त्याने दिलेले नाही, त्यामुळे ती श्रीपूरच होती का यावर विद्वानांत वाद आहे. त्याच्या थोडेच आधी, इ. स. ६३४च्या ऐहोळे प्रशस्तीत रविकीर्तीने बदामीचा राजा दुसरा पुलकेशी याच्या पराक्रमाचे वर्णन करताना तीन महाराष्ट्रकांपाठोपाठ कोसल आणि कलिंगाचे नाव घेतले आहे. बदामी, श्रीपूर आणि महानदीच्या मुखाकडचा कलिंग किनारा ही एकाच पटावरची घरे होती. सिरपूरच्या उत्खननात तांग काळातले चिनी नाणेही मिळाले. एका नाण्यावरून मोठा व्यापार सिद्ध होत नाही. पण या नदीकाठाचा दूरच्या जगाशी धागा जुळलेला होता, एवढे ते नक्की सांगते.

हे उत्खनन करणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित मराठी वाचकांच्या फारसे परिचयाचे नाहीत, याची खंत वाटते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत हसमुख सांकळियांबरोबर काम केलेला, प्राचीन मणी आणि काच यांचा जाणकार असलेला हा पुरातत्त्वज्ञ. १९५०च्या दशकात सागर विद्यापीठाच्या वतीने त्यांनी सिरपूरचे विहार मातीबाहेर काढले. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी छत्तीसगडचे ताम्रपट आणि शिलालेख वाचून इथल्या राजवंशांची वंशावळ लावण्यात मोठा वाटा उचलला. छत्तीसगडशी मराठी नाते म्हटले की नागपूरकर भोसल्यांची सत्ता आठवते. या दोघांनी कुणाचे राज्य न घेता जोडलेले नाते मला अधिक जवळचे वाटते.

पुढे अरुणकुमार शर्मा यांच्या उत्खननात सुरंग टीला उजेडात आला. या पंचायतन मंदिराच्या उंच दगडी पायऱ्या लाटेसारख्या वाकल्या आहेत. भूकंपाने त्या खचल्या, असे शर्मांचे मत होते. उन्हाळ्यात त्या पायऱ्या तापतात, म्हणून हिवाळा बरा. माघ पौर्णिमेला इथे जत्रा भरते. तेव्हा गर्दीची तयारी ठेवावी. आणि जमल्यास निघण्यापूर्वी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात एक सकाळ घालवावी. १८७५ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात सिरपूरच्या कांस्यमूर्ती आहेत, आणि त्या आधी पाहिल्या की विहारांच्या रिकाम्या खोल्या रिकाम्या वाटत नाहीत.