पांढरा किती पांढरा?

दुकानातल्या टीव्हीला भगभगीत उजेडात, आजूबाजूच्या डझनभर पडद्यांशी टक्कर देत गिऱ्हाईक गाठायचं असतं. म्हणून ‘विविड’ नावाच्या मोडमध्ये पांढरा निळसर, गवत पोपटी आणि माणसांचे गाल लालबुंद असतात. तोच मोड घरी चालू राहिला तर बैठकीच्या खोलीत दुकान मांडल्यासारखं होतं. चित्र जुळवायचं म्हणजे टीव्हीनं स्वतःहून घातलेली ही भर एकेक करून काढायची.

हे काम मी रात्री करतो. टीव्ही आधी अर्धा तास चालू ठेवायचा, कारण पॅनल तापल्याशिवाय रंग स्थिरावत नाहीत. मग सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडायचा. फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्सनं 2019 साली जाहीर केला; मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारखे दिग्दर्शक त्याच्या पाठीशी होते. त्यात मोशन स्मूदिंग आपोआप बंद होतं. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. मधल्या फ्रेम टीव्ही मनानं रचून घालतो, हालचाल गुळगुळीत होते आणि सिनेमाची मालिका होऊन बसते.

आता काळा. बहुतेक टीव्हींत उजेड कमीजास्त होतो तो बॅकलाइटनं. ब्राइटनेसनं ठरते काळ्याची पातळी. व्हिडिओच्या हिशेबात काळा 16 वर असतो आणि पांढरा 235 वर. पेनड्राइव्हवरचं चाचणीचं चित्र लावलं की 16 च्या आगेमागे अगदी किंचित फरकाच्या उभ्या पट्ट्या दिसतात. ब्राइटनेस चढवला तर सगळ्याच उघड्या पडतात आणि काळ्यावर राखाडी साय धरते. तिथून एकेक आकडा खाली यायचं. 16 पर्यंतच्या पट्ट्या मागच्या काळ्यात मिसळल्या आणि 17-18 च्या जेमतेम जाणवल्या की थांबायचं. दुसऱ्या टोकाला कॉन्ट्रास्ट: 235 च्या अलीकडच्या पट्ट्या एकमेकींत हरवता कामा नयेत. जमलं की नाही हे मी ‘तुंबाड’ लावून बघतो. पंकज कुमार यांनी टिपलेल्या त्या पावसाळी अंधारात काळा थोडा खाली गेला तर वाड्याचे कोपरे गिळले जातात, वर गेला तर अंधारच उरत नाही.

शार्पनेस वाढवून तपशील वाढत नाही, फक्त कडांना पांढरी किनार येते. बारीक रेषांचा नमुना लावून ती किनार जाईपर्यंत आकडा उतरवायचा. काही टीव्हींत तो शून्यावर थांबतो, काहींत मध्यावर. रंगछटा फिरवणाऱ्या टिंटला सहसा हात लावावा लागत नाही. दूरदर्शन 1982 साली रंगीत झालं ते पॅल पद्धतीनं. तिच्यात रंगछटेची चूक आपोआप सावरली जाई, त्यामुळे अमेरिकी प्रेक्षकाला सारखं पिळावं लागणारं हे बटण आपल्याकडे कुणाच्या सवयीचंच झालं नाही.

खरी मेहनत पांढऱ्याची. नीळ घातलेलं धोतर जसं अधिक शुभ्र वाटतं, तसाच निळसर पडदाही. या सवयीवरच दुकानातला पांढरा बेतलेला असतो. सिनेमाचे रंग मात्र डी65 या पांढऱ्याला धरून ठरवलेले असतात, म्हणजे साधारण 6500 केल्विनच्या दिवसाच्या उजेडाला. डोळा इथे साक्षीदार म्हणून कुचकामी. समोर जो पांढरा असेल त्याला तो काही मिनिटांत सरावतो. म्हणून कलरीमीटर. हातात मावणारं हे यंत्र पडद्यावर टेकवून लॅपटॉपला जोडायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये पॅनल एलईडी की ओएलईडी हे आधी सांगायचं, नाहीतर मोजमापच वाकडं येतं. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीचे चौकोन एकामागून एक. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा किती, ते आलेखावर दिसतं. उजळ भागातला निळा गेननं उतरवायचा, गडद भागातला ऑफसेटनं. एक हलवला की दुसरा सरकतो, म्हणून पुन्हा वर, पुन्हा खाली. ठरलेल्या रंगापासूनचं अंतर ‘डेल्टा ई’ या मापात मोजतात. ते 3 च्या आत आलं की फरक सहजी कळत नाही.

पुसटसा निळा गेला की घरचे हमखास म्हणतात, “अरे, सगळं पिवळं झालंय!” आईनंही हेच म्हटलं. मी वाद घातला नाही, जुना मोड काही दिवस लपवून ठेवला. नंतर तोच दाखवला तेव्हा तिनं विचारलं, “हे काय, इतकं निळं?”

दुसऱ्याच्या टीव्हीचे गेन-ऑफसेटचे आकडे उतरवून घेण्यात अर्थ नाही. एकाच मॉडेलची दोन पॅनलंही तंतोतंत सारखी नसतात, आणि वापरानं प्रत्येकाचा रंग आपापल्या गतीनं सरकतो. मोड, शार्पनेस, मोशन स्मूदिंग एवढं मात्र यंत्राशिवाय कुणालाही जमतं, आणि निम्मी लढाई तिथेच संपते. एचडीआरचे मोड वेगळे, त्यांची जुळवणी वेगळी. एचडीआर नसलेल्या चित्राचे रंग ठरवणारे लोक अंधाऱ्या खोलीत 100 निट्सच्या आसपासच्या पडद्यासमोर बसतात. खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत तेवढा उजेड पुरत नाही. म्हणून दुपारच्या क्रिकेटसाठी दुसरा मोड जुळवून ठेवावा: बॅकलाइट हवा तेवढा चढवावा, पांढरा मात्र तोच राहू द्यावा.