गिटारची मान घासून पातळ करणे: दोन मिलिमीटरांचा हिशेब

इलेक्ट्रिक गिटारची मान जाड वाटली, अंगठा मागून नीट पोहोचत नसला, की ती काचकागदाने घासून पातळ करावी असे अनेकांना वाटते. हे काम घरी करता येते. मात्र घासलेले लाकूड परत लावता येत नाही. म्हणून या टिपणात आपण आधी त्यामागचे भौतिकशास्त्र पाहू आणि मग कृती पाहू.

मानेवरचा ताण

648 मि.मी. तारलांबीच्या गिटारवर नेहमीचा 10-46 संच चढवून सुरात लावला, तर सहा तारांचा एकूण ताण सुमारे 47 किलो वजनाइतका होतो. तारा मानेच्या पुढच्या बाजूने जातात, त्यामुळे हा ताण मानेला पुढे वाकवू पाहतो. त्याला लाकूड विरोध करते आणि मानेच्या आत बसवलेली पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, मदत करते. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना समायोजन करता येणाऱ्या अशा सळईचे पेटंट 1923 साली मिळाले.

जाडीचा घन

पट्टीच्या वाकण्याला होणारा विरोध रुंदी × जाडी³ ÷ 12 या राशीच्या प्रमाणात असतो. मानेचा छेद अर्धगोलाकडे झुकणारा असला, तरी अंदाजासाठी हे सूत्र पुरते. 22 मि.मी. जाडीची मान 20 मि.मी. केली तर गुणोत्तर (20/22)³, म्हणजे सुमारे 0.75 येते. जाडी 9 टक्के घटली, पण ताठरपणा 25 टक्के गेला.

ताठरपणा घटला की मान ऋतूंनाही लवकर दाद देते. वाराणसीत मुन्शी घाटाजवळच्या खोलीत ठेवलेल्या गिटारला मे महिन्यातली कोरडी लू आणि श्रावणातली दमट हवा दोन्ही सोसावी लागतात. पातळ मानेचा ट्रस रॉड मग वारंवार फिरवावा लागू शकतो.

मिरजेची तुलना

वाद्य घासून सुधारणे आपल्याकडे नवे नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर जवारी काढताना घोडीचा माथा कानशीने किंचित घासतात आणि प्रत्येक वेळी तार छेडून ऐकतात. घोडी जास्त घासली गेली तर बदलता येते. गिटारच्या मानेत मात्र फ्रेट, सळई आणि लाकूड एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे चूक महागात पडते. तरी थोडे घासायचे, तपासायचे आणि मगच पुढे जायचे, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते.

कृती

1. व्हर्नियर कॅलिपरने पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी जाडी मोजून लिहून ठेवा.
2. सळईमागे किती लाकूड आहे हे ठाऊक नसेल तर पाठीच्या मध्यरेषेला हात लावू नका.
3. तारा काढा. फ्रेटबोर्डवर चिकटपट्टी लावा. तोंडावर मास्क बांधा.
4. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे 'खांदे' आधी उतरवा. हाताला जाडी बऱ्याचदा तिथेच जाणवते आणि तेवढे लाकूड काढल्याने ताठरपणा त्या मानाने कमी घटतो.
5. 80 नंबरच्या काचकागदाने सुरुवात करून 120, 220 आणि 320 पर्यंत जा. दर काही मिनिटांनी मोजा आणि मान हातात धरून पाहा.
6. उघड्या लाकडाला तेल किंवा लॅकर द्या, नाहीतर ते घाम आणि दमटपणा शोषून घेईल.
7. तारा चढवून गिटार एक दिवस तशीच ठेवा. मग तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी फट पाहा. ती साधारण 0.25 मि.मी. असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेऱ्याहून कमी कसा आणि पुन्हा मोजा.

स्वाध्याय

22 मि.मी. जाडीची मान 21 मि.मी. केल्यास ताठरपणा किती टक्के घटेल? हे उत्तर दोन मिलिमीटरांच्या उत्तराशी ताडून पाहा आणि तुमच्या गिटारसाठी थांबण्याचा आकडा काचकागद हातात घेण्यापूर्वी ठरवा.