‘ग्रात्सिए’च्या पुढे काय? इटालियनमध्ये आभार आणि उतराई

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आपल्या वाळूजच्या एन्ड्युरन्स कंपनीचे कारखाने इटलीत तोरिनोजवळ आहेत, हे शहरात बऱ्याच जणांना माहिती असतं. शिकायला जाणारी पोरंही वाढलीत. त्यातूनच सिडकोतल्या एका काकूंचा प्रश्न आला. मुलगा तोरिनोला एम.एस. करतोय. तापाने फणफणला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजीबाई चार दिवस सूप घेऊन येत होत्या. काकूंना स्वतःच्या आवाजात त्यांचे आभार मानायचेत. नुसतं थँक्यू त्यांना पुरेसं वाटत नाही.

आधी साधी गोष्ट. ‘ग्रात्सिए’ म्हणजे धन्यवाद. शेवटचा ‘ए’ खाऊ नका, ‘ग्राझी’ म्हणू नका. ‘ग्रात्सिए मिल्ले’ म्हणजे हजार धन्यवाद.

आता आदर. आपल्याकडे तू आणि तुम्ही, तसं तिकडे ‘तू’ आणि ‘लेई’. मित्राला ‘ती रिंग्रात्सिओ’, वडीलधाऱ्यांना ‘ला रिंग्रात्सिओ’, म्हणजे मी तुमचे आभार मानतो. ‘मी ऋणी आहे’ म्हणताना पुरुष ‘ग्रातो’ म्हणतो, बाई ‘ग्राता’. करतो-करते म्हणणाऱ्या आपल्याला हे अवघड नाही.

समोरून उत्तर काय येईल? ‘प्रेगो’ सगळीकडे चालतं. ‘दि नियेन्ते’ म्हणजे काहीच नाही हो. ‘सि फिगूरी’ (मित्राला ‘फिगूराती’) याचा शब्दशः अर्थ ‘कल्पना करा’, पण भाव आपल्या ‘अहो, त्यात काय एवढं!’चा. आणि ‘चि मांकेरेब्बे’ म्हणजे साधारण ‘एवढंही करणार नाही का?’ कोणी शुभेच्छा दिल्या तर ‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तान्तो’ म्हणजे तुम्हालाही.

मला सगळ्यात आवडलेला शब्द ‘स्देबितार्सी’. ‘देबितो’ म्हणजे कर्ज, देणं. पुढे ‘स’ लागला की त्यातून मोकळं होणं. म्हणजे आपलं उतराई होणं! दुसरा शब्द ‘रिकांब्यारे’, म्हणजे परतफेड करणं. त्यात हिशेब मिटवण्यापेक्षा देवाणघेवाण आहे. शुभेच्छा, प्रेम, जेवणाचं आमंत्रण, सगळं ‘रिकांब्यारे’ करता येतं.

तर काकू, हे म्हणा: ‘जेंतीले सिन्योरा, ला रिंग्रात्सिओ दि क्वोरे पेर अवेर आयुतातो मिओ फील्यो. नॉन सो कोमे स्देबितार्मी.’ म्हणजे, ‘माझ्या मुलाला मदत केलीत, मनापासून आभार. उतराई कशी होऊ, कळत नाही.’ हळू म्हणा, अडखळलात तरी चालेल. आणि मुलाला सांगा, आजीबाईंचा डबा रिकामा परत करू नकोस. आपण शेजारी वाटी रिकामी पाठवतो का?

जाता जाता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले होते, लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी भिंतीपासून सुटणारा गिलावा पक्का केला. वर लाखेचं व्हार्निशही लावलं, ते पुढे पिवळं पडलं आणि पुरातत्त्व विभागाला काढत बसावं लागलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण गिलावा गळून पडला असता तर साफ करायला चित्रच उरलं नसतं. पुढच्या वेळी लेणी बघाल तेव्हा मनात एक ‘ग्रात्सिए’ म्हणून टाका.

पुढच्या भागात: इटालियनमध्ये नम्रपणे नाही कसं म्हणायचं. तुमचे प्रश्न आवाजात पाठवा. चाओ, भेटूया!